पदर उलटा करून दाखवा

माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नातल्या साडीचं बिल मी अजून जपून ठेवलं आहे. साल २०१९, रक्कम ३४,५०० रुपये. दुकानात दोन तास जी साडी ‘येवल्याची अस्सल हातमाग पैठणी, डबल पदर, प्युअर रेशीम’ म्हणून आमच्यापुढे उलगडली जात होती, तिच्यासमोर त्या बिलात लिहिलंय ‘साडी फॅन्सी, १ नग’. पैठणी हा शब्द नाही. रेशीम नाही. हातमाग नाही. विकणाऱ्याने तोंडाने जे जे सांगितलं, त्यातलं एक अक्षरसुद्धा कागदावर उतरलेलं नाही, आणि ते चुकून राहून गेलेलं नाही. लिहायचं नाही, हे त्याने ठरवलेलंच होतं.

त्या दिवशी मी ते बिल वाचलं नाही. त्याच आठवड्यात सोन्याच्या दुकानात मंगळसूत्राच्या वाट्यांवरचा हॉलमार्क मी भिंग मागून घेऊन पाहिला होता. मजुरी किती, घट किती, मोडीला भाव काय, सगळं विचारलं होतं आणि सराफाने न कुरकुरता सांगितलंही होतं. साडीच्या गादीवर मात्र मी तोंडाला कुलूप लावून बसले, कारण शेजारी विहीणबाई बसल्या होत्या.

मुलीने ती साडी पहिल्यांदा नेसली लग्नात, आणि दुसऱ्यांदा मंगळागौरीला. रात्री फुगड्या रंगल्या तेव्हा पदराच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी पाटलीचं टोक अडकलं आणि मोराच्या पिसाऱ्यातून वीतभर धागे ओढले गेले. दोनदा नेसलेली साडी! पुढच्या महिन्यात मी ती घेऊन येवल्याला गेले. ओळखीतून एका जुन्या विणकराकडे पोचले आणि रफू करून द्या म्हणाले.

त्यांनी साडी हातात घेतली आणि पुढची बाजू पाहिलीच नाही. पदर उलटा केला, मोराच्या पाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, “ताई, ही यंत्रावरची आहे. हिच्यात आमचं काहीच नाही.”

सगळी तपासणी अर्ध्या मिनिटाची. दुकानात आम्ही दोन तास बसलो होतो, सात जणी होतो, त्यातल्या तिघींची पन्नाशी उलटलेली होती आणि एकीच्याही मनात पदर उलटा करावा असं आलं नाही. राग मला दुकानदाराचा आला, पण त्याआधी आमचा आला. म्हणून हा लेख.

त्या विणकरांनी मला मागापाशी नेलं. त्यांची सून मागावर बसली होती. पदर विणायचं काम चालू होतं. ताणलेल्या उभ्या धाग्यांवर बारीक बारीक तिल्ल्या लटकत होत्या, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचं रेशीम गुंडाळलेलं. हिरव्या रंगाची जागा आली की हिरवी तिल्ली त्या चार-सहा धाग्यांतून पुढे न्यायची, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवायची आणि तिथूनच मागे फिरवायची. मग लाल. मग जांभळी. मग पुन्हा जर. असं रुंदीभर करत गेल्यावर कुठे आडव्या धाग्याची एक ओळ पुरी होते, आणि बोटभर पदर विणायला अशा कित्येक ओळी लागतात. रंग आपल्या जागेपुरताच चालतो आणि जागा संपली की वळतो. म्हणून मागे लोंबत काही राहत नाही, आणि हातच्या पैठणीच्या पदरावरचा मोर पुढून दिसतो तसाच मागूनही दिसतो. फार तर इकडे तिकडे एखादं धाग्याचं टोक सापडतं. पाटलीला अडकायला तिथे धागाच नसतो.

यंत्रमागावर हे असं वळणं नाही. तिथे जॅकार्डच्या हुकमाने आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावतो. जिथे त्याचा रंग हवा तिथे तो वर येतो आणि बाकी सगळीकडे पाठीमागून लोंबत जातो. साडी उलटी केली की हे धागे समांतर रेघांसारखे दिसतात, बोट घातलं तर बोटावर येतात. काही कारखान्यांत ते कापून टाकतात. मग मागे तुटक्या धाग्यांची लव राहते आणि नक्षी पुढे सैल पडू लागते. काही जण त्यावर जाळीचं अस्तर लावून देतात आणि ‘पदर जड आहे, म्हणून सपोर्ट दिलाय’ असं सांगतात. पदराला मागून अस्तर शिवलेलं असेल तर त्या अस्तराखाली काय आहे हे विचारलंच पाहिजे. हातच्या पदराला झाकून ठेवण्यासारखं काही नसतं.

इथे एक खुलासा करते, नाहीतर कुणी अर्धवट माहितीवर चांगल्या विणकराला खोटं ठरवेल. आता हातमागावरही जॅकार्ड बसवतात. अंगभर नक्षीची जी ब्रोकेड पैठणी मिळते, तिच्या अंगाच्या मागे धागे दिसू शकतात आणि तरीही ती हातमागाची असू शकते. म्हणून पारख अंगावरून करायची नाही, पदरावरून करायची. पैठणीचा जीव पदरात आहे. बनारसी शालूत रेशमाच्या जमिनीवर जरीची नक्षी असते. पैठणीच्या पदरात जमीनच जरीची असते आणि नक्षी रेशमाची. बांगडी मोर, मुनिया, असावली, कमळ, सगळं सोन्याच्या पत्र्यावर मिनाकारी करावी तसं. हा एवढा फरक ज्याला ठाऊक आहे त्याला निम्मी फसवणूक लांबूनच दिसते.

दुसरी जागा काठाची. जुन्या पद्धतीत काठाचा धोटा वेगळा आणि अंगाचा वेगळा. दोन्हीकडून आलेले आडवे धागे सांध्यावर एकमेकांत अडकवून माघारी वळवतात. याला कडियल म्हणतात. अशा साडीत अंगाचा रंग काठाखाली शिरत नाही. काठ उलटा करून बघा. हिरव्या साडीच्या जांभळ्या काठामागे हिरवा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला दिसला, तर कडियलचं नाव सांगणारा तुमच्याशी खोटं बोलतोय.

तिसरी गोष्ट, दोन मोर शेजारी ठेवून बघा. माणसाच्या हाताने काढलेल्या दोन मोरांत एकाची मान केसभर लांब असते, एकाचा डोळा जरा सरकलेला असतो. पदरावरचे सगळे मोर धाग्याला धागा सारखे असतील तर ते मोजून ठोकलेले मोर आहेत. दुकानात मात्र उलटंच शिकवतात. ‘बघा काकू, फिनिशिंग कसं एकसारखं आहे!’ माझ्या मुलीच्या साडीची हीच तारीफ मी मान डोलवत ऐकली होती.

रेशमाबद्दल बोलायचं तर साडीच्या टोकाला ज्या मोकळ्या दशा असतात, त्यातला एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीने पेटवा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ते विझत जातं आणि राहते ती राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळतं, गोळी होऊन घट्ट बसतं. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं आणि वासही कागदाचाच येतो. दोन्ही धागे वेगवेगळे जाळायचे, कारण ताणा रेशमाचा आणि बाणा भलत्याच कशाचा अशी भेसळ सर्रास चालते. साडी अंगठीतून ओढून दाखवण्याचा खेळ मात्र विसरा. पातळ नायलॉनही अंगठीतून जातं, आणि भरगच्च जरीच्या काठाची खरी पैठणी कित्येकदा जात नाही.

‘आर्ट सिल्क’ या शब्दाची तर मला चीड आहे. आर्ट म्हणजे इथे आर्टिफिशियल, कृत्रिम. शिकल्यासवरलेल्या बायका त्याचा अर्थ ‘कलात्मक रेशीम’ असा लावताना मी कानांनी ऐकल्या आहेत आणि विकणारा एकदाही त्यांना थांबवत नाही. त्या गैरसमजावर त्याचा गल्ला चालतो. ‘सेमी पैठणी’ हा निदान बरा शब्द आहे, सेमी म्हणून सांगितलं आणि सेमीच्या भावात दिलं तर.

जरीचंही एकदा स्पष्ट बोलू. चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी, आणि ती तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, ही खरी जर. तिचा भाव सोन्याचांदीच्या भावाबरोबर चढतो. त्यामुळे आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक पैठण्यांत ती नसते, आणि नसली म्हणून पैठणी खोटी ठरत नाही. सुरतेहून येणारी, तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली ‘टेस्टेड’ जर चांगल्या विणकराच्या हातात चांगलीच दिसते. त्याच्या खाली प्लास्टिकची जर. ती पांढरट चकाकते, अंगाला टोचते आणि जळताना वितळते. पण पंधरा हजारांच्या साडीवर हात ठेवून ‘काकू, सोन्याची जर आहे’ म्हणणारा माणूस थापा मारतोय, हे कळायला कुठलीही चाचणी लागत नाही. सोन्याचा आजचा भाव आठवला की पुरे.

एक हिशेबही दुकानात बसल्या बसल्या करता येतो. सहावारी पैठणीला साधारण अर्धा किलो रेशीम लागतं. वर जर वेगळी. रेशमाचा भाव किलोला काही हजारांत आहे. त्यावर रंगणावळ, मांडणी, आणि मग मागावर बसलेल्या माणसाचे दिवस. साधा काठपदर असेल तर काही आठवडे, नक्षी वाढली तर महिने, आणि पदर फारच भरलेला असेल तर वर्षसुद्धा. आता तुमच्यापुढे चार हजारांना ‘प्युअर हँडलूम पैठणी’ टाकली आहे. कच्च्या मालाचे पैसे वजा करा, दुकानाचं भाडं आणि नफा वजा करा, आणि उरलेल्या रकमेत कुणी महिनाभर पाठ मोडून घेतली असेल का ते तुम्हीच सांगा. स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने घरी येणाऱ्या बाईने हा हिशेब केलेला नसतो. महाग घेतली म्हणून निर्धास्त होणाऱ्या माझ्यासारखीनेही केलेला नसतो. माझे ३४,५०० रुपये कुठल्या विणकराच्या घरी पोचले? एकाच्याही नाही.

आता लेबलांकडे येते, कारण हल्ली दुकानदार लेबल पुढे करून तोंड बंद करतात. ‘सिल्क मार्क’ हे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झालेलं चिन्ह. ते एवढंच सांगतं की माल शुद्ध रेशमाचा आहे. साडी हाताने विणली की यंत्रावर, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही ते मिळतं आणि त्यात बेकायदा काही नाही. हातमागाचं चिन्ह वेगळं, ‘हँडलूम मार्क’, ते २००६ साली आलं. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१० साली. हाताने विणलेली रेशमी पैठणी विकत घ्यायची तर सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क दोन्ही बघायला हवेत. पण दुकानात एक चकचकीत होलोग्राम दाखवून ‘सरकारी शिक्का आहे’ म्हणतात आणि आपण तो कशाचा शिक्का हे न वाचता मान डोलावतो. अक्षरं वाचता येणाऱ्या लोकांनी असं वागावं याची मला लाज वाटते, आणि त्या लोकांत मी होते.

कायदे नाहीत अशीही सबब नाही. १९८५ साली संसदेने हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा कायदा केला. राखीव असलेल्या ११ वस्तूंच्या यादीत ठरावीक प्रकारच्या साड्या आहेत. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा. नोंदलेलं नाव खोटेपणाने वापरणाऱ्याला त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. आणि तरीही लग्नाच्या मोसमात कुठल्याही शहराच्या बाजारपेठेत फेरी मारा, यंत्रावरच्या साडीला ‘ओरिजिनल पैठणी’ म्हणणाऱ्या पाट्या दिवसाढवळ्या लटकलेल्या दिसतील. या पाट्या बघायला सरकारकडे माणूस नाही असं मी मानत नाही. बघायची इच्छा नाही. सोन्याच्या दागिन्यांना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी क्रमांक आला. तेवढ्याच किमतीच्या साडीवर ती हातमागाची की यंत्रमागाची एवढं छापायची सक्ती करायला काय अडचण आहे, हे हातमागाच्या नावाने दरवर्षी ७ ऑगस्टला भाषणं करणाऱ्यांनी सांगावं.

पण दुकानदार आणि सरकार यांच्यावर सगळं ढकलून मी सुटणार नाही. ही फसवणूक बस्त्याच्या गादीवर होते आणि तिथे आपण स्वतःहून जाऊन बसतो.

बस्ता कसा बांधला जातो ते आठवा. दोन्ही घरची माणसं, मुलाची आई, मुलीची आई, आत्या, मामी, करवली. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, चहा, थंड, डोक्यावर पांढऱ्या दिव्यांचा पाऊस. नवऱ्या मुलीच्या खांद्यावर पदर टाकून आरशापुढे उभं करतात आणि लगेच मोबाइल वर होतात. साडी कुणी हातात घेऊन बघत नाही. सगळ्यांचं लक्ष फोटोत ती कशी येईल याकडे. त्यातून मुलाकडचे साडी घेणार असतील तर मुलीच्या आईने तोंड उघडायचं नाही, कारण ‘घेतायत ते काय कमी आहे?’ आणि मुलीकडचे विहिणीची मानाची साडी घेणार असतील तर भाव विचारायचा नाही, कारण ‘हात आखडला’ असं होईल. गुणवत्तेबद्दल विचारणं म्हणजे समोरच्याच्या ऐपतीबद्दल विचारणं, असा एक अडाणी समज आपण पिढ्यान्‌पिढ्या पोसला आहे. दुकानातल्या मुरलेल्या माणसाला तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो. व्याह्यांसमोर कोण गप्प बसणार हे त्याने ओळखलं की तो मोठ्या आवाजात ‘ताई, डोळे झाकून घ्या’ म्हणतो. आणि आपण खरोखरच डोळे झाकून घेतो.

पत्रिका तीन ठिकाणी दाखवायची, मुलाच्या पगाराची चौकशी त्याच्या कचेरीपर्यंत करायची, कार्यालयाच्या जेवणाचा मसालेभातसुद्धा आधी चाखून बघायचा, आणि साडी मात्र न बघता. हा भिडस्तपणा नाही, हा शुद्ध निष्काळजीपणा आहे आणि त्याची किंमत मागावर बसलेली ती सून मोजते. तिच्या महिनाभराच्या कामाला बाजारात जो भाव यायला हवा, तो भाव दोन दिवसांत यंत्रावर निघालेल्या नकलेला आपण देतो. मग विणकरांची मुलं माग सोडून दुसरीकडे कामाला लागली की हळहळतो, पैठणीला दोन हजार वर्षांची परंपरा आहे म्हणून सांगतो. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ने पैठणी हा शब्द घराघरात नेला, ‘गोष्ट एका पैठणीची’ या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शब्दाचं कौतुक चहूकडे झालं. वस्तूची ओळख तेवढी मागे राहिली.

मला लगेच दोन उत्तरं मिळतात. पहिलं, ‘लग्नात एकदाच तर नेसायची असते, मग कपाटात.’ मग ३४,५०० कशाला? एकदाच नेसायची तर दोन हजारांची सेमी घ्या, तिला सेमी म्हणा, छान दिसा. त्यात कमीपणा अजिबात नाही. माझ्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी मुलीच्या लग्नात अशीच साडी घेतली, ‘यंत्रावरची आहे, एवढंच परवडतं’ असं सरळ सांगितलं. त्यांची फसवणूक झाली नाही, माझी झाली. यंत्रमागाशी माझं वैर नाही. त्यावरही माणसंच राबतात. यंत्रमागाची साडी हातमागाच्या नावाने आणि हातमागाच्या भावाने विकण्याशी वैर आहे.

दुसरं उत्तर, ‘आम्ही थेट येवल्यालाच जाऊन घेतो.’ चांगलं करता. पण येवल्यात विकली जाते ती प्रत्येक साडी येवल्यात विणलेली असते, या भ्रमात जाऊ नका. ज्या गावाच्या नावाला किंमत आहे, त्या गावात बाहेरचा माल येऊन बसणारच. पैठणलाही तेच लागू. तिथेही पदर उलटाच करायचा. ज्याच्या घरी माग आहे तो आनंदाने करून दाखवतो, मागापाशीही नेतो.

माझ्या साडीचं पुढे काय झालं ते सांगते. दुकानात परत गेले तेव्हा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवण्यात आलं, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. वर, ‘काकू, घडी मोडलेली आहे, फॉल-बिडिंग झालंय, ब्लाउज पीस कापलाय.’ मी पैठणी हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी शांतपणे बिल मागितलं आणि ‘फॅन्सी’ वर बोट ठेवलं. मी उठून आले. आज अशी वेळ आली तर मी उठणार नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा पुढच्या वर्षी लागू झाला. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणून नोंदल्या आहेत. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले आहेत. भिंतीवरची पाटी कायद्याहून मोठी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण तक्रारीला आधार बिलाचाच, आणि बिलात ‘फॅन्सी’ असेल तर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही.

या फेब्रुवारीत धाकट्या बहिणीच्या मुलीचा बस्ता होता. मी गेले. पहिलीच साडी पुढे आली तेव्हा म्हणाले, “दादा, पदर उलटा करून दाखवा.” गादीवर शांतता पसरली. बहिणीने माझ्या गुडघ्याला हात लावला, “ताई, असू दे ना, सगळे बघतायत.” विकणारा हसून म्हणाला, “काकू, साडी सरळ नेसतात.” मी पुन्हा तेच म्हणाले. त्याने पदर उलटला. मागे पांढरी जाळी शिवलेली होती. तीन साड्या अशा गेल्या. चौथीला मी विचारलं की बिलावर ‘हातमागावर विणलेली शुद्ध रेशमी पैठणी, टेस्टेड जर’ असं लिहून द्याल का, तेव्हा त्याने आतून मालकांना बोलावलं. मालक म्हणाले, बिलाचा तसा फॉरमॅट नाही. सव्वीस हजारांची साडी विकणाऱ्या दुकानाकडे चार शब्द लिहायला जागा नाही!

आम्ही उठलो. आणि ज्यांच्यापुढे माझी बहीण शरमेने लाल झाली होती, त्या विहीणबाईच दाराबाहेर मला म्हणाल्या, “बरं झालं विचारलंत. माझ्या मोठ्या सुनेच्या वेळी मी हेच विचारायला घाबरले होते.”

पुढच्या रविवारी आम्ही सगळ्या मिळून येवल्याला गेलो. दुकानाबाहेर, उन्हात, साडी पूर्ण सोडून पाहिली, आतल्या घड्यांत डाग किंवा तुटका धागा नाही ना ते तपासलं, ओला पांढरा रुमाल काठावर घासून रंग सुटत नाही ना ते पाहिलं, दोन अंगठ्यांनी कापड ताणून वीण सरकत नाही ना ते बघितलं, लांबी मोजली. पदर उलटा केला. एकच साधी मुनिया काठाची साडी, सिंगल पदर, त्या दुकानातल्या झगमगाटापुढे डोळ्यांत न भरणारी. विणणाऱ्या बाई तिथेच होत्या. भाची त्यांच्या पाया पडली.

लग्नसराई पुन्हा येते आहे. तुमच्या घरात बस्ता असेल तर गादीवर बसल्या बसल्या, पहिला पदर कुणाच्या खांद्यावर जायच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा की पदर उलटा करून दाखवा आणि जे तोंडाने सांगताय ते बिलावर लिहा. लिहून देत नसतील तर पैसे काढू नका. उठा आणि व्याह्यांनाही उठवा.